सुचिताच्या हातची मोरपंखी

नांदुऱ्याच्या रस्त्यावर माही रोपवाटिका, अन् बरोब्बर समोर सुचिताची. सुचिता म्हंजे माही धाकटी जाऊ. कलम बांधायले मीच शिकवलं तिले. आता गिऱ्हाईक गाडी थांबवते तिच्या फाटकापाशी, अन् मी इकडं हात चोळत बसते. जळते मी तिच्यावर, त्यात काय लपवायचं?

माह्या मागच्या अंगणात तिनं लावलेली मोरपंखी होती, ती नवी नवरी होती तवाची. पार छपराच्या वर गेली. पोरं परीक्षेच्या आधी तिची डहाळी पुस्तकात ठेवायले नेत. विद्या येते म्हणे. पण नेताना विचारत, "सुचिताकाकूचं झाड ना हे?" अंगण माहं, पाणी माहं, अन् नाव तिचं. आज सकाळी मी कुऱ्हाड घेतली अन् गुडघ्याइतकं बुड ठेवून तोडली. मनात म्हनलं, फुटंल परत. निंब फुटते, बाभूळ फुटते. मंग नव्यानं वाढंल ते माहं झाड.

दुपारी शाळेचे कुलदीप सर आले. शाळेत शंकुधारी झाडांचा कोपरा करायचा होता, अन् ज्याच्या झाडापासून रोपं, त्याचं नाव पाटीवर. माहा जीव त्या पाटीत अडकला. मी सुरूचं झाड दाखवलं. सुईवानी पानं, वरून बोंडंही लागलेली.

सरांनी एक सुई ओढली, तर ती सांध्यावर तुटून आली. "ही पानं नाहीत, काड्या आहेत. सुरूले फुलं येतात, हे बोंड त्याचं फळ. बारमाही हिरवा तर आंबाही असते, जयमालाबाई. शंकूवाल्या झाडाले फूल नसते. त्याचं बी फळात नाही, खवल्यांच्या मधात उघडं बसते. मोरपंखी तशी आहे. सुचिताबाई म्हणाल्या, जुनी, शंकू लागलेली मोरपंखी तुमच्याच अंगणात आहे. पाटीवर जयमालाबाईचं नाव लिहा म्हणाल्या."

मी त्यायले मागं नेलं. सरांनी वाकून बुड पाह्यलं.

"फुटंल ना, सर?"

"हे निंबासारखं नाही. हिरवी डहाळीच ठेवली नाही तुम्ही. जुन्या लाकडातून मोरपंखी फुटत नाही."

तेवढ्यात सुचिता रस्ता ओलांडून आली. तिनं ढिगाऱ्याकडं पाह्यलं, मंग माह्याकडं. समजायचं ते समजली. खाली बसली अन् वाळलेले शंकू पदरात वेचू लागली.

"बाई, यातून बी निघंल. आपण रोपं करू. नाव तुमचंच राहू द्या."

दोन शिव्या दिल्या असत्या तर मी तिले पुरून उरली असती. भांडणात मी हरत नाही. मंग मीही बसली तिच्या बाजूले, वेचू लागली. अन् तरी माहं ध्यान एकाच गोष्टीवर होतं: तिचा पदर माह्या आधी भरला.