अकरा जणांची सवत

"काकू, तुम्ही फक्त हात वर करायचा," सलूनवाला म्हणाला. "बाकीचं आम्ही बघतो."

मी कोणाच्या तरी पँटची शिलाई उसवत होते. मान वर न करता विचारलं, "कशासाठी?"

"मैदान इथंच राहावं म्हणून. अजून काय?"

त्याच्या शेजारी मैदानाच्या दारासमोरचा चहावाला बसला होता आणि प्रत्येक वाक्याला मान डोलवत होता. दोघंही धास्तावले होते, आणि त्यात खोटं काही नव्हतं. आमच्या गावच्या फुटबॉल क्लबाला शहराबाहेर, उपनगरात, नवं कोरं स्टेडियम मिळणार होतं. टीम तिकडे हलवायची की जुन्या मैदानावरच ठेवायची, हे रविवारच्या सभेत सभासद हात वर करून ठरवणार होते. टीम गेली तर आमच्या गल्लीत सामन्याआधी दाढी करायला कोण थांबणार आणि सामन्यानंतर चहा कोण पिणार?

आमचे हे त्या टीमचे मालिशवाले. सगळे त्यांना उस्ताद म्हणतात. उभी हयात त्यांनी खेळाडूंच्या मांड्या आणि पोटऱ्या चोळण्यात घालवली. निवृत्त झाल्यावर क्लबाने त्यांना आजन्म सभासद करून घेतलं. पण दुसऱ्यांचे गुडघे बरे करता करता ह्यांचे स्वतःचेच गुडघे गेले. जिना उतरणं बंद झालं. म्हणून त्यांच्या जागी सभेला मी जायचं, असं क्लबाने मान्य केलं होतं. ज्या मैदानात मी कधी पाऊल टाकलं नाही, त्याचं काय करायचं ते आता मला विचारत होते. मला मोठी गंमत वाटत होती.

आदल्या दिवशी क्लबाचा सेक्रेटरीही येऊन गेला होता. त्याने नव्या स्टेडियमची रंगीत चित्रं आणली होती आणि तो टीम हलवण्याच्या बाजूचा होता. त्यालाही मी चहा दिला आणि ह्या दोघांनाही दिला. सगळ्यांना उत्तर एकच दिलं, बघू.

हे खिडकीपाशी खुर्चीत बसून सगळं ऐकत होते. आमच्या खिडकीसमोर प्रेक्षकांच्या स्टँडची पाठ येते. दोन स्टँडच्या मध्ये एक फट आहे, तिच्यातून थोडं गवत आणि एका गोलचा एक खांब दिसतो. जिना बंद झाल्यापासून ह्यांचं सगळं जग त्या फटीत होतं. पाहुणे जिना उतरले आणि ह्यांनी सुरू केलं. मैदान गेलं तर मी जगायचं कशावर, ह्या वयात डोळ्यांसमोरून हेही न्यायचं का, त्यापेक्षा मला आधी न्या म्हणावं. असं महिनाभर रोज चाललं होतं. मी शिलाई मशीन हळू चालवायचे, म्हणजे एकही शब्द चुकायला नको.

बायकांना एक सवत असली तरी त्या गळा काढतात. माझी सवत अकरा जणांची होती, वर राखीव खेळाडू वेगळे. मी टीमला सवतच म्हणायचे, आणि तेही ह्यांच्या तोंडावर. आधी आधी हे हसायचे. मी दिवसभर मशीनवर वाकलेली असायचे, पाठीचं अगदी लाकूड व्हायचं. लग्नानंतर थोड्याच दिवसांनी एकदा मी लाजत लाजत म्हटलं, जरा पाठ दाबून द्या. हे म्हणाले, "अगं, दिवसभर तेच तर करून आलोय." पुन्हा मी कधी म्हटलं नाही. हे घरी यायचे तेव्हा त्यांच्या हातांना मलमाचा वास यायचा, आणि तो वास कोणासाठी होता ते मला माहीत होतं.

तेवढ्यावर मी जन्मभर रुसून बसले नसते. मी डूख धरला तो माझ्या आईमुळे.

आईचं शेवटचं आजारपण आमच्याकडेच झालं, ह्याच खोलीत. त्या दिवशी सामना होता. सकाळी तिचा श्वास बदलला तसा मी चहावाल्याकरवी मैदानावर निरोप धाडला. उलट निरोप आला की कर्णधाराची मांडी धरलीय, सामना संपला की येतो. मी आईचा हात धरून बसले. दुपारी बाहेर एकदम आरोळी उठली, आपल्या टीमने गोल केला असणार. हजारो माणसं ओरडत होती, खिडकीची तावदानं थरथरत होती. आरोळी थांबली तेव्हा आईचा श्वास ऐकू येईना. तो कधी थांबला, आधी की नंतर, ते मला कळलंच नाही. माझ्या आईचा शेवटचा श्वास त्या लोकांनी ओरडून बुडवला.

संध्याकाळी ह्यांनी दार उघडलं. बूट काढायच्या आधी, सवयीने, ह्यांच्या तोंडून निघालं, "जिंकलो."

मग त्यांना दिसलं. नंतर हे खूप रडले, माझ्या पाया पडायचंच बाकी ठेवलं. पण शब्द निघून गेला होता. मी तो उचलून ठेवला आणि वाट बघत बसले.

रविवारी सलूनवाला आणि चहावाला मला दोन्ही बाजूंनी घेऊन सभेला गेले, जशी काही मीच कर्णधार. क्लबाचा हॉल खच्चून भरला होता. हलवा म्हणणारे एका बाजूला, ठेवा म्हणणारे दुसऱ्या बाजूला, आणि मध्ये बरेच जण असे, की ज्यांचं ठरत नव्हतं. मला पहिल्या रांगेत बसवलं. सेक्रेटरी लिफ्टबद्दल आणि गाड्या लावायच्या जागेबद्दल बोलला. एक म्हातारे सभासद जुन्या मैदानाबद्दल बोलता बोलता रडवेले झाले. वातावरण हळूहळू ठेवा म्हणणाऱ्यांकडे झुकलं. तो मोका साधून सलूनवाला उठला आणि उस्तादांच्या घरच्या काकू दोन शब्द बोलतील, असं त्याने जाहीर करून टाकलं. त्याला वाटलं, मी डोळे पुसेन आणि मधले सगळे विरघळतील.

मी उभी राहिले. वळून हॉलकडे तोंड केलं.

"माझा नवरा तुमच्या मैदानानं नेला," मी म्हणाले. "मला मिळाला तो फक्त झोपायला येणारा माणूस. माझी आई गेली तेव्हा तो इथं कोणाची तरी मांडी चोळत होता. तुम्ही म्हणताय, मैदान गेलं तर गल्ली मरेल. मरू दे. गल्लीतल्या किती घरांत रविवारी दुपारी दोन माणसं एकमेकांशी बोललीत, ते जरा घरी जाऊन विचारा. न्या तुमची टीम. लांब न्या. आणि परत आणू नका."

कोणीतरी हसलं. मागे काही सभासदांच्या बायका बसल्या होत्या, त्यांच्यातून एक आवाज आला, "खरं बोलली बाई." अध्यक्षांनी आधी हलवा म्हणणाऱ्यांना हात वर करायला सांगितलं. पहिला हात माझा होता. मग मधल्या लोकांचे हात वर जाऊ लागले, काहींचे बायकोकडे बघून. मोजणी झाली आणि थोडक्यात का होईना, टीम हलवायचं ठरलं. सलूनवाला माझ्याकडे बघत होता. त्याच्याच वस्तऱ्याने त्याचा गळा चिरावा तसा त्याचा चेहरा झाला होता. जाताना मला दोन्ही बाजूंनी माणसं होती, परत येताना मी एकटी चालत आले. पण पायांत इतका जोर मला तरुणपणीही आठवत नाही.

जिना चढून दार उघडलं. हे खिडकीपाशीच होते. मी चपला काढल्या नाहीत. उंबऱ्यात उभी राहून, एकेक अक्षर सुटं करून म्हणाले, "जिंकलो."

आणि मी ह्यांचा चेहरा बघत राहिले. मला तो पडताना बघायचा होता. त्याच्यासाठी मी किती थांबले होते ते मलाच माहीत.

चेहरा पडला नाही. ह्यांनी विचारलं, "म्हणजे तिकडं जायचं ठरलं?"

"ठरलं. मीच हात वर केला. बोललेसुद्धा."

हे हसायला लागले. हसता हसता ठसका लागला, मला पाणी द्यावं लागलं. पाणी पिऊन झाल्यावर म्हणाले, "अगं, ह्या फटीतून एक खांब बघत बसलोय मी. आपल्या मैदानाच्या पायऱ्या मला कोण चढवणार? तिकडं लिफ्ट आहे. खुर्चीसकट वर नेतात. लेकीचं घरही तिकडंच."

"मग रोज रडत का होतात?"

"मी 'हलवा' म्हणालो असतो, तर तू हात वर केला असतास?"

मी तेव्हा कुठे चपला काढल्या. माझ्या पाठीला कधी हात न लावणाऱ्या ह्या माणसाला, कुठे दाबलं की माझं काय हलतं, ते नेमकं ठाऊक होतं.

त्यानंतर मी अबोला धरला. जेवण पुढ्यात ठेवायचे, औषध हातावर ठेवायचे, पण बोलायचे नाही. गल्लीने माझ्याशी अबोला धरला. जुने स्टँड पाडायला सुरुवात झाली, घरभर सिमेंटची धूळ बसायची. चहावाल्याने गाडी दुसरीकडे नेली ती मला न सांगता. सलूनवाला समोरून आला की रस्ता ओलांडायचा. मला वाईट वाटलं का? खोटं कशाला बोलू, रविवारी दुपारी मला छान झोप लागायची. खुपत होतं ते एवढंच, की सवतीला घराबाहेर काढायला गेले आणि नवऱ्यानेच माझ्या हातून तिच्यासाठी नवं घर बांधून घेतलं.

नव्या स्टेडियममधल्या पहिल्या सामन्याला लेक आणि जावई गाडी घेऊन आले. जावयाने ह्यांना पाठुंगळी घेऊन जिना उतरवला. हे सकाळपासून तयार होते. क्लबाचा कोट अंगात ढगळ व्हायला लागला होता. ह्यांनी मला खुणेनेच सांगितलं, आणि मीही अबोला न सोडता, तोंड वाकडं करून दोन्ही बाजूंनी टाके घातले. चाकाच्या खुर्चीजवळ सोबतीला एकाच माणसाला बसू देत होते. लेक म्हणाली, मी बसते. मी म्हणाले, मीच बसेन. सवतीचं तोंड एकदा तरी जवळून बघायचं होतं.

स्टेडियम म्हणजे नुसता काचेचा आणि लोखंडाचा डोंगर. लिफ्टने वर नेलं, मग एका लांबलचक वाटेने खाली आणलं, आणि खेळाडू जिथून बाहेर पडतात तिथे अगदी कठड्याला लावून आमची जागा दिली. वर अख्खं छप्पर होतं, भर दुपारी दिवे लावलेले. माणसं येतच होती आणि एकही चेहरा ओळखीचा नव्हता. ह्यांना त्याचं काही नव्हतं. ह्यांनी शेजारच्या माणसाला बोलण्यात ओढलंच, आणि सांगायला लागले. आताच्या कर्णधाराचा गुडघा दोन डॉक्टरांनी सोडला होता, तो माझ्या हाताने उभा राहिलाय. मैदानात उतरताना तो माझ्या तळव्यावर टाळी देऊन जायचा, बघालच तुम्ही आता. शेजारचा माणूस हो हो म्हणाला आणि मोबाइलमध्ये बघू लागला.

भोंगा वाजला. खेळाडू धावत बाहेर आले. ह्यांनी हात वर केला, तळवा पुढे. आधी नवी पोरं गेली, त्यांना हे कोण ते माहीत असायचं कारण नव्हतं. शेवटी कर्णधार आला. इतका जवळून, की हात लांब केला असता तर बाही धरता आली असती. त्याने ह्यांच्याकडे बघितलं. मी त्याला बघताना बघितलं. कठड्यावरून ओघळलेल्या एखाद्या पताकेकडे बघावं तसं बघून तो पुढे धावत गेला.

सवतीने ओळख दाखवली नाही. ह्यांचं आयुष्य खाऊन तिने तोंड पुसलं होतं. मी देवाकडे मागून घेतला असता तरी इतका चांगला सूड मला मिळाला नसता, आणि तो माझ्या डोळ्यांदेखत, पहिल्या रांगेत बसून. जिभेवर वाक्य तयार होतं. अबोला त्यासाठीच मोडायचा होता.

ह्यांचा हात अजून वरच होता. मागची माणसं उभी राहून ओरडत होती, आणि त्या गर्दीत हा एक हात, कोणासाठी वर केलाय ते कळेनासा झालेला. मी तो हात धरला, खाली घेतला, आणि माझ्या मांडीवर ठेवून त्याच्यावर माझे दोन्ही हात ठेवले.

"उन्हामुळं दिसलं नसेल त्याला," मी म्हणाले.

ह्यांनी वर छपरातल्या दिव्यांकडे बघितलं.

"हो," म्हणाले. "ऊन फार आहे."