निळी पडलेली नववी ब

"काका, केबल खराब झाली की माणसं निळी पडतात का?"

तोफेनं प्रश्न डागला आणि मागे उभ्या असलेल्या दोघी मैत्रिणी एकमेकींच्या खांद्यात तोंड खुपसून खिदळल्या. दुरुस्तीवाल्या काकांनी स्क्रू-ड्रायव्हर खाली ठेवला.

"कुठली माणसं?"

"फोटोतली." तिनं दप्तरातून वर्गाचा फोटो काढून काउंटरवर आपटला. नववी ब, तीन रांगा, पांढरे शर्ट, मधोमध वर्गशिक्षिका. सगळ्यांचे चेहरे गारठून काकडल्यासारखे निळे.

"तळ्यातून बाहेर काढल्यावर घेतलाय," त्या दोघींतली चिमणी म्हणाली. "बाई सगळ्यात आधी बुडाल्या."

मागच्या वर्षी असं कुणी बोललं असतं, तर तोफेनं मान खाली घालून वही चाळली असती. यंदा तिला कंठ फुटला होता आणि वर्गानं तिचं नाव तोफ ठेवलं होतं. तिचे बाबा घरी बसून एका स्टुडिओसाठी फोटोंचे रंग सुधारतात, हे सगळ्यांना ठाऊक होतं. म्हणून मधल्या सुट्टीत तिनं थेट बाकावर चढून जाहीर केलं होतं, की दोष मॉनिटरच्या केबलचा आहे, बाबांचा नाही. "मग विचार की दुकानात, आमच्यासमोर," असं चिमणीनं म्हणायची खोटी, स्वारी इथं हजर.

"आतली एखादी तार तुटली तर रंग बिघडतात," काका म्हणाले. "निळा गेला, की पडदा पिवळा दिसतो."

"हेच! बाबा हेच म्हणतात! पडदा पिवळा मारतो, म्हणून ते निळा वाढवतात आणि छापून हे असं येतं." ती मैत्रिणींकडे वळली. "ऐकलंत?"

तिनं घरून दप्तरात घालून आणलेल्या केबलची अवस्था बघण्यासारखी होती. खुर्चीच्या चाकाखाली येऊन ती मानेजवळ चेंगरली होती आणि बाबांनी तिला चिकटपट्टीचे वेढे दिले होते. काकांनी ती आपल्या मॉनिटरला लावली. पडद्यावर एक लालभडक पोपट उमटला. त्यांनी केबल जरा पिळली आणि पोपट गडप झाला. सोडली, पोपट परत आला.

"बघा! बिघडलीय की नाही?"

"बिघडलीय खरी. पण चित्र येतं तेव्हा रंग तर बरोबर..."

"नवीच द्या काका!"

चिमणीनं कोपरापासून हात जोडले. पैज जिंकली होती. तोफ घरापर्यंत जवळजवळ पळतच गेली.

"आली का तोफ?" बाबांनी टेबल आधीच भिंतीपासून ओढून ठेवलं होतं. सकाळी स्टुडिओवाल्याचा फोन आला होता. शाळेचे सगळे फोटो उद्यापर्यंत नीट करून द्या, नाहीतर यापुढं काम दुसरीकडे जाईल. तो तसा सौम्यपणेच बोलला होता, पण तेव्हापासून बाबांनी चहा मागितला नव्हता.

ती मॉनिटरमागं शिरली. नवी केबल बसवली, दोन्ही बाजूंचे स्क्रू चिमटीत धरून पिळले. पडदा उजळला. बाबांनी वर्गाचा मूळ फोटो उघडला.

किती छान होता तो! शर्ट पांढरे, भिंत सायीसारखी, चिमणीच्या नाकावर ऊन. बुडालेलं कुणीच नव्हतं. तिला टाळी वाजवावीशी वाटली.

"अजून जरा पिवळट आहे," बाबा म्हणाले. "फोटोतच असेल. थांब."

त्यांनी माउस सरकवला. चिमणीच्या नाकावरचं ऊन गेलं. मग बाईंचे ओठ गेले. शर्ट हळूहळू निळीत बुडवून काढल्यासारखे झाले.

"हं. आता कसं पांढरंशुभ्र!"

तिनं हात पुढं केला आणि आपल्या पांढऱ्या शर्टाची बाही पडद्याला टेकवली, चित्रातल्या शर्टाशेजारी. बाबा पुढं झुकले. बाहीकडे बघितलं, पडद्याकडे बघितलं, पुन्हा बाहीकडे.

"जुळलं की गं! तंतोतंत!" ते खुर्चीत मागं रेलले आणि बऱ्याच दिवसांत हसले नव्हते तसे हसले. "खरं सांगू? मला वाटायला लागलं होतं, माझंच काहीतरी बिघडलंय. कुणाजवळ बोललो नाही. आणि निघाली काय, तर केबल!"

दारात आई हात पुसत उभी होती. तिचा हात पदरातच थांबला होता. तिनं बाही बघितली, पडदा बघितला, मग लेकीकडे बघून अगदी थोडी मान हलवली. आत्ता नको.

अख्ख्या वर्गाला पुरून उरणाऱ्या मुलीनं बाही मागं घेतली. ती पुन्हा मॉनिटरमागं गेली आणि आधीच घट्ट असलेले स्क्रू आणखी पिळू लागली. तिथून बाबांना तिचा चेहरा दिसत नव्हता. बोटांत स्क्रू रुतला, तरी ती पिळत राहिली.

"अगं, तुटेल," बाबा पलीकडून म्हणाले. "चांगली बसलीय. मी स्टुडिओला कळवतो, की झालं काम."

फोन टेबलाच्या कडेला होता. त्यांच्याआधी तिचा हात तिथं पोचला.

"स्टुडिओशी मी बोलते," ती म्हणाली. आवाज चिरकला, म्हणून तिनं घसा खाकरला आणि बाकावर चढल्यासारखी ताठ उभी राहिली. "आणि उद्या मी शाळेत जाणार नाहीये. आई, तूही रजा टाक. बाबा, आपण तिघं सकाळी डोळ्यांच्या डॉक्टरकडे जायचं."