काहिलीवर थापलेला घुमट

मराठी शाळेच्या प्रदर्शनाचा यंदाचा विषय होता ‘समुद्रापार गेलेली आपली माणसं’, आणि माझ्या चौथीतल्या आरोहीनं मशीद केली. त्रिनिदादमधली. इथे अमेरिकेत, अ‍ॅशबर्नला, आमच्या शेजारी शकीला आजी राहतात, त्यांच्या आजोबांनी बांधलेली. ते भारतातून उसाच्या मळ्यावर मजुरीला गेलेले. आधी लाकडी खांबांवर नुसतं पत्र्याचं छप्पर होतं. पुढे सिमेंट आलं, पण घुमटाला साचा मिळेना. मग त्यांनी रस आटवायची जुनी काहील मचाणावर उपडी घातली आणि तिच्यावर काँक्रीट थापलं. भिंतींना तिथल्या घरांसारख्या लाकडी झडपा, वारा खेळावा म्हणून. थापणाऱ्यांत त्याच जहाजातून आलेले हिंदूही होते. आरोहीनं माझ्या कढईवर कागदाचा लगदा थापून तस्साच घुमट केला आणि बाजूला पुठ्ठ्याचे दोन मिनार चिकटवले.

प्रदर्शन उघडायच्या आधी मनोहरकाकांनी मला बाजूला घेतलं. शाळा त्यांनीच उभी केली, माझ्यावर मायाही आहे. हळूच म्हणाले, मॉडेल छानच, पण लोक विचारताहेत, मशीद कशाला. मिनार तेवढे काढ, ‘मजुरांचं घर’ अशी पाटी लाव, म्हणजे विषय संपला.

मी मुळात घाबरट. ग्रीन कार्ड अडकलंय, शाळेच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर कोण काय लिहील याची सतत धास्ती. माझ्या नवऱ्यानं, गुरुदत्तनं, लांबूनच ‘काढून टाक ना यार’ अशी खूण केली. मी त्याचं ऐकलं. एक मिनार उपटलाही.

आरोही रडली नाही. तिनं सरळ विचारलं,

“मग आजींना काय सांगू? शी इज ऑन हर वे.”

मी पर्समधून गोंद काढला, मिनार जागेवर बसवला आणि बोटांनी दाबून धरला.

“काका, बांधणाऱ्या हिंदूंना हे मिनार जड झाले नाहीत.”

“अगं, तुझ्याच भल्यासाठी सांगतोय. नाहीतर मला टेबल आत न्यावं लागेल.”

“न्या. पण तुमच्या हातांनी न्या. आणि का नेलं, ते शकीला आजींना तुम्हीच सांगा. त्यांच्या तोंडावर.”

एवढं बोलले आणि मिनार तसाच धरून ठेवला. शब्द मागे घेतला नाही.

काकांनी टेबलाची कड धरली. आरोही एव्हाना बाहेर पार्किंगमध्ये जाऊन कुणाला तरी हात करत होती. काका तिकडे बघत राहिले. त्यांनी टेबल उचललं नाही, सोडलंही नाही.

मीही मिनार सोडला नाही. गोंद अजून ओला होता.