सात नंबरचं रक्त

मैत्रेयीच्या प्रबंधात तेरा जणांचं रक्त होतं, आणि त्यातल्या बारा जणांचं काही कामाचं नव्हतं. रक्त म्हणून ते उत्तमच होतं, पण सगळ्यांचं सारखं, आणि सारख्या रक्तावर कुणी पीएचडी देत नाही. वेगळं होतं ते एकट्या सात नंबरचं.

विषय असा. जखमेत शिरलेले जंतू थोडे असतात तोवर अंग चोरून बसतात. प्रत्येक जण एक रसायन थोडं थोडं सोडत राहतो. ते पुरेसं साठलं की आपण बरेच जमलो आहोत हे सगळ्यांना कळतं, आणि मग सगळे एकदम विष ओकतात. रक्तातल्या चरबीची ने-आण करणारं एक प्रथिन हे निरोप वाटेतच धरून ठेवतं. निरोप पोचला नाही की जंतू गप्प. मरत नाहीत, नुसते बसून राहतात. सात नंबरच्या रक्तात ते इतरांपेक्षा चौपट गप्प बसत, आणि तेही तिन्ही चाचण्यांत.

सात नंबर म्हणजे गंगेकाठी दुर्गाघाटावर मैत्रेयीच्या वरच्या मजल्यावर राहणारे ढुंढिराज गुरुजी, वय एकाहत्तर. ती त्यांना काका म्हणे. रक्त उपाशीपोटी द्यायचं, आणि गुरुजींना रोज कुठे ना कुठे जेवणाचं आमंत्रण. म्हणून तिन्ही वेळा एकादशी धरली. पूजा आटोपून काका खाली येत, मैत्रेयीची आई गीताबाई दोघांपुढे साबुदाण्याच्या खिचडीची बशी ठेवी, आणि मग दोघं गल्लीबोळांतून चालत मैदागिनच्या चौकात आणि तिथून ई-रिक्षाने विद्यापीठात. तिथे मैत्रेयी फॉर्मवर 'बारा तास उपाशी' या चौकटीत खूण करी.

गाईड खूश झाले. मैत्रेयीने ही बातमी काकांना सांगितली तेव्हा त्यांनी एकच विचारलं. "शरदिनीला माझं रक्त चढवलं असतं तर?"

काकांच्या पत्नी शरदिनीकाकू दोन वर्षांपूर्वी पायाच्या जखमेचं विष रक्तात भिनून गेल्या होत्या. तेव्हा काका रक्त द्यायला तयार होते. वय जास्त आहे म्हणून इस्पितळाने नको म्हटलं, आणि काकांनी आग्रह धरला नाही. मैत्रेयी यशाच्या भरात होती. फरक पडला असता कदाचित, असं ती बोलून गेली. विचार न करता बोलणारी माणसं शास्त्रातही पुष्कळ.

त्या दिवसापासून काकांनी पंचगंगा घाटावरचं रोजचं स्नान सोडलं. कुणी विचारलं तर गुडघ्यांवर ढकलत. आपण तेव्हा भांडलो नाही म्हणून ती गेली, हे खरं कारण मैत्रेयीला ठाऊक होतं आणि ते तिला रोज खात होतं, पण सिद्ध झालेली गोष्ट खोटी कशी म्हणणार?

चौथ्या एकादशीला वेळ वाचावा म्हणून तिने फॉर्म घरीच भरायला घेतला. डाव्या मांडीवर खिचडीची बशी होती. 'शेवटचं खाणं किती तासांपूर्वी' याच्यापुढे तिने बारा लिहिलं आणि कागद सरळ करायला बोट टेकलं. बोटाखालचा कागद तुपाने पारदर्शक झाला.

ती आधी डागाकडे बघत राहिली, मग बशीकडे. दाण्याचं कूट, बटाटा, आणि मोजायची त्या घरात पद्धतच नसलेलं तूप. एकादशी दुप्पट खाशी हे ती लहानपणापासून ऐकत आली होती. प्रबंधाशी त्याचा काही संबंध असेल असं मात्र तिला कधी वाटलं नव्हतं. खिचडीला त्या घरात कुणी खाणं धरतच नसे. गाईड केरळचे, त्यांना हे विचारायचं सुचणं शक्यच नव्हतं.

समोर काका दुसऱ्यांदा वाढून घेत होते. प्रबंध वैशाखात द्यायचा होता, आणि गप्प बसणं अगदी सोपं होतं. पण ती बोलली, सगळं बोलली: तूप खाल्लं की रक्तात चरबी वाढते आणि तिच्याबरोबर ते प्रथिनही, तेव्हा ती चौपट करामत रक्ताची नसून खिचडीची असावी.

काकांनी बशी खाली ठेवली. "म्हणजे चाळीस वर्षं माझा उपवास झालाच नाही?"

"पंचांगाप्रमाणे झाला, काका. लॅबप्रमाणे नाही."

पुढच्या एकादशीला तुझ्या मशीनला चालेल असा उपवास करतो असं काका म्हणाले, आणि त्या दिवशी पाण्याशिवाय काही घेतलं नाही. गीताबाई दिवसभर दोघांशीही बोलल्या नाहीत.

त्या रक्तात जंतूंनी एकमेकांना व्यवस्थित निरोप दिले आणि यथेच्छ विष ओकलं. गाईडनी आकडे पाहिले, आणि मग खिचडीत तूप किती असतं ते विचारलं. प्रबंध एक वर्ष पुढे गेला.

संध्याकाळी ती वर गेली. काका खिडकीशी बसले होते.

"तुमचं रक्त बाकी बारा जणांसारखंच आहे, काका."

"म्हणजे तेव्हा मी भांडून दिलं असतं, तरी..."

"तरी काही झालं नसतं."

"पक्कं?"

"पक्कं. लिहून देते."

 काकांचे डोळे भरून आले होते, आणि ते त्यांनी पुसले नाहीत.

"बरं झालं," ते म्हणाले. मग उठून दोरीवरचा पंचा खांद्यावर टाकला, आणि भिंतीला धरून एकेक पायरी उतरत घाटाकडे निघाले.