पळसाचा कुशाबा

कुशाबा साहेबाच्या पलटणीतून बसऱ्याच्या लढाईवर गेला, त्याला बारा वर्षं होत आली. पत्र नाही, निरोप नाही. सरकारदरबारी त्याचं नाव मेलेल्यांत नाही आणि जिवंतांतही नाही. पोलादपूरच्या वरच्या अंगाला त्यांची वाडी. तिथली रीत अशी की बारा वर्षं वाट बघायची, मग पळसाच्या पानांचा माणूस करून, त्याला नारळाचं डोकं लावून अग्नी द्यायचा आणि बायकोनं कुंकू पुसायचं. सासरे कोंडाजी म्हणाले, वैशाखात उरकून घेऊ. भावकीनं माना डोलावल्या. त्याच्या बायकोला, राहीबाईला, कुणी विचारलं नाही. विचारतंय कोण!

तिचं म्हणाल तर कुशाबा रोज येत होता. पहाटे झोप सरत असताना दारातल्या धुक्यातून यायचा आणि पायरीवर बसायचा. ती नुसती बघत राहायची. आपण बघतोय तोवर हा आहे, एवढी तिची खात्री. पण होळी झाली आणि तो पाठमोरा बसायला लागला. काही केल्या तोंड आठवेना. कुंकवापेक्षा तिला याचीच धास्ती होती, आणि ही गोष्ट सांगायची तरी कुणाला?

धाकटा दीर मुरारी पुण्याच्या कॉलेजात तत्त्वज्ञान शिकवायचा. एवढी सोन्यासारखी भातशेती सोडून शिकवायचं काय, तर म्हणे तत्त्वज्ञान! सुट्टीत आला तरी ओटीवर पुस्तकात डोकं खुपसून बसलेला. राहीबाईनं चहा ठेवला आणि विचारलं, "येवढं काय लिवताय, भावजी?"

"विलायतेतले जुने चिद्वादी म्हणायचे, वस्तू आहे म्हणजे कुणीतरी ती बघतंय. माणसाला कळतं म्हणजे नेमकं काय होतं, हे शोधणाऱ्या आजच्या लोकांना त्या विचाराचा काही उपयोग आहे का, ते लिहितोय."

राहीबाई खांबाला टेकली. तिच्या मनातलं हे साहेबाच्या देशात कुणाला कसं कळलं?

"आन् बघणारीच इसरली तर?"

मुरारीनं मान वर केली. "जुन्यांनी त्यासाठी देवाला बघायला बसवलं होतं, वहिनी. आपण डोळे मिटले तरी तो बघतोच. आताचे पंडित देवाला मधे घेत नाहीत. त्यांतले काही म्हणतात, एकट्याचं बघणं पुरत नाही, चार जणांचं एकमेकांशी जुळायला हवं."

"चार जण तर त्यांना जाळायला निघालेत," ती म्हणाली.

मुरारीनं पुस्तक मिटून बाजूला ठेवलं.

ठरल्या दिवशी सावित्री नदीच्या पात्रात, पाणी आटून उघड्या पडलेल्या वाळूवर, पुरुष मंडळी पानं बांधायला बसली. अशा कामाला बायका नदीवर येत नाहीत. राहीबाई आली आणि तिला अडवायची कुणाची छाती झाली नाही. ऊन चढलं, हिरव्या पानांचा वास दाटला, तिचे डोळे जड झाले. बोलणी पाण्याखालून यावीत तशी कानावर येत होती.

"खांदं रुंद घ्या रे," कोंडाजी म्हणाले. "भाताचा भारा येकटा उचलायचा."

"डावा खांदा उतरता व्हता त्याचा," चुलता चांगू म्हणाला.

"आणि हसू आलं की दादा खाली बघायचा," मुरारी म्हणाला.

"खाली नाय," राहीबाई म्हणाली. "बाजूला. असं." आणि तिनं मान वळवून दाखवली.

तेवढ्यात तिच्या जड डोळ्यांपुढे पायरीवरचा पाठमोरा कुशाबा वळला. भुवईतली खोक, दाबलेले ओठ, सगळा तोच. तिला रडू फुटलं. इतक्या वर्षांत ती चारचौघांत रडली नव्हती.

भटजी म्हणाले, वेळ टळतेय. कोंडाजींनी पलिता पेटवला.

"मामंजी, थांबा," ती म्हणाली. "आत्ताच आलेत. जरा बसू द्या."

म्हाताऱ्यानं त्या पानांकडे बघितलं. मग त्यानं पलिता वाळूत उलटा खुपसला आणि पानांच्या पोराशेजारी बसकण मारली.

"बसू द्या, भटजी," तो म्हणाला. "लांबून आलाय."