हात मांडीखाली

माझ्या हाताखालून इतक्या बाळंतिणी गेल्या आहेत की रस्त्यात कुणी पोर कडेवर घेऊन ओळखीचं हसलं, तर मी आधी पोराचं वजन विचारते आणि मग आईचं नाव. बाळंतिणींच्या वॉर्डची मी इन्चार्ज सिस्टर. माघारी वॉर्डातल्या नर्स पोरी मला हेडमास्तर म्हणतात, म्हणोत बापड्या. आणि अशा मला, लग्नानंतर फार उशिरा झालेल्या माझ्या स्वतःच्या लेकीला अंगावर पाजता येईना. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

दूध नव्हतं असं नाही. छाती ठणकत होती. पण जवळ घेतलं की पोरगी धनुष्यासारखी मागे वळायची आणि घर डोक्यावर घ्यायची. मग काढलेलं दूध वाटी-चमच्याने पाजायचं, त्यातलं निम्मं दुपट्यावर सांडायचं. वजन उतरत चाललं होतं. डॉक्टरांनी स्वच्छ सांगितलं, परवापर्यंत काटा वर सरकला नाही तर भरती करा. भरती म्हणजे माझ्याच वॉर्डात, माझ्याच पोरींसमोर. पण लाज गेली खड्ड्यात, माझं पोर वाळत चाललं होतं.

दवाखान्याने घरी पाठवली ती चिमणी. तोंडाला विसावा नाही म्हणून हे नाव. नर्सिंग शाळेतून कोरी करकरीत आली तेव्हापासून मीच तिला घडवलेली, त्यामुळे ती दारात दिसताच माझं डोकं आणखीनच तापलं. आमचे हे म्हणाले, "घरात दोन-दोन नर्सा आणि पेशंट उपाशी." मी नुसतं बघितलं. ते मुकाट्याने लंगोट धुवायला गेले.

चिमणी हात धूत होती. मी पलंगावरूनच म्हटलं, "मनगटाच्या वरपर्यंत. नखं दाखव." तिने दाखवली. वजनाचा काटा काढला तर म्हटलं, "आधी शून्यावर आण." तिने आणला. तोंड चालूच होतं, जिना किती उंच, खालचं कुत्रं कसं अंगावर आलं. नजर मात्र माझ्यावर.

"जेवलात का?"

"ते मरू दे. पोर बघ आधी."

"पोर दिसतंय मला. तुम्ही जेवलात का?"

जेवले नव्हते. तिने ह्यांना हाक मारून ताट वाढायला लावलं आणि शेवटच्या घासापर्यंत समोर उभी राहिली. मग म्हणाली, "आता पाजा. मी बघते."

मी नेहमीसारखं घेतलं. एक हात छातीखाली, दुसरा पोरीच्या डोक्यामागे, आणि अचूक जागेवर नेलं. पोरगी किंचाळली. चिमणी काहीच बोलली नाही. ती गप्प बसलेली मी प्रथमच पाहत होते, आणि मला ते मुळीच आवडलं नाही.

"डोकं सोडा तिचं," ती म्हणाली.

"मान धरायला नको?"

"मान धरा की. तुम्ही डोकं दाबताय. वॉर्डात आपण समोर उभ्या राहून दुसरीचं पोर छातीला लावतो ना, तोच हात चाललाय तुमचा. आज तुम्ही पलंगावर आहात."

"मला शिकवतेस?"

"हो," ती म्हणाली.

तिने माझ्या पाठीशी उशा रचल्या, मला मागे रेलवलं. पोरीचे कपडे काढून तिला उघड्या छातीवर पालथी ठेवली आणि वर दुपटं घातलं. "आता दोन्ही हात मांडीखाली."

"पडेल ती."

"माझे हात आहेत दोन्हीकडून. आणि आता जरा गप्प बसा."

शाळा सुटल्यापासून मला हे सांगायची कुणाची छाती झाली नव्हती. पण मी बसले. बसले म्हणजे काय, स्वतःच्याच हातांवर धरणं धरलं.

पोरगी रडली, मग थांबली. मग मान वर करून डुगडुगत इकडे नाक घासलं, तिकडे घासलं. गेली ती भलतीकडेच, गळ्याच्या हाडाशी. माझी बोटं वळवळायला लागली. "खाली ओढ गं तिला."

"नाही. जाऊ दे तिची तिला."

मग ती पोर घसरत घसरत खाली आली, मोठ्ठा आ केला आणि लागली. थोड्या वेळाने घोट ऐकू यायला लागले, एकामागून एक. हा आवाज मी हजारदा ऐकलाय. माझ्या अंगातून येताना ऐकला नव्हता.

"मला वाटलं, तिला मी नकोय," मी म्हटलं. तोंडून निघूनच गेलं. नर्सने असलं खुळ्यासारखं बोलू नये, पण तेच वाटत होतं, पहिल्यांदा तिने पाठ वळवली तेव्हापासून.

चिमणीने मला खुळी म्हटलं नाही. "एवढे दिवस हे एकट्याच घेऊन बसलात होय," म्हणाली, आणि एक हात काढून पदराने माझं नाक पुसलं, कारण माझे हात अजून मांडीखालीच होते.

खरं सांगते, हात कसे चालवायचे हे मी तिला शिकवलं. ते आवरायचे कसे, हे तिचं तिने कमावलं. गुरूच्या पुढे गेली बया. पोटच्या पोरीकडे बघावं तशी मी तिच्याकडे बघत राहिले.

डॉक्टरांनी दिलेल्या मुदतीच्या दिवशी काटा वर सरकला. थोडासाच, पण सरकला. ह्यांनी तीन-तीनदा वाकून बघितलं. वजन चढू लागलं की घरच्या फेऱ्या बंद, हा नियम मीच पोरींकडून घोकून घेतलेला. चिमणी सामान पिशवीत भरू लागली.

"उद्या ये," मी म्हटलं.

"काटा आणू?"

"काटा नको. पोर ठीक आहे. मला बघायला ये."

"येते," ती म्हणाली, आणि पिशवी खाली ठेवून माझ्याशेजारी पलंगावर बसली.