शनिवारी बंद पडणारं कार्ड

घानातल्या कुमासी शहरात रंग विकायचा तर शनिवारी काळे कपडे घालावे लागतात. कुठल्या तरी दुकानदाराची आई नाहीतर सासरा गेलेला असतो, आणि अंत्यविधीला कंपनीचा माणूस दिसला नाही तर सोमवारी तो आपला एक डबाही घेत नाही. आमचे मालक नाना बोआतेंग शुक्रवारी बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यातून मयताच्या घरी द्यायच्या देणगीसाठी नोटा काढून देत आणि बजावत, "देणगी कंपनीची, बिअर तुझी." एवढ्या एका वाक्यावर त्यांचा खर्च ताब्यात राहायचा.

मग नाना थकले आणि त्यांची मुलगी सेर्वा खुर्चीवर बसली. नोटांऐवजी आम्हाला कार्ड द्यायचं म्हणून तिने तीन बँकांची कार्डं पारखली आणि नेमकं ते निवडलं, ज्यातून रोख निघत नाही आणि जे शनिवार-रविवार बंद असतं.

"सुट्टीत कसलं काम, मामा? मजा स्वतःच्या पैशाने करा."

"बरं, मॅडम," मी म्हटलं. वाद घालायचा मला पगार नव्हता.

वर्षभराने नाना गेले. शनिवारी अख्खा बाजार काळ्या कपड्यांत लोटला. कर्ण्यावर एकेकाची देणगी पुकारली जात होती आणि जो तो सेर्वाचा हात धरून सांगत होता, "माझ्या आईच्या वेळी नानांनी माणूस पाठवला होता."

सोमवारी तिने नवं कार्ड माझ्यापुढे सरकवलं. "हे शनिवारी चालेल. देणगीपुरतेच पैसे निघतील."

मी दारापाशी पोचलो, तेव्हा मागून तिचा आवाज आला, थेट नानांच्या चालीत.

"आणि मामा, बिअर तुमची."